हसतील त्यांचे दात

आमच्या लहानपणी एसटीत बसलं की एक विनोद हमखास व्हायचा: या डब्यात हॉर्न सोडून सगळं वाजतं. सांगणारा प्रवासीच असायचा, हसणारेही प्रवासीच, आणि कंडक्टर तर सगळ्यांत मोठ्यानं हसायचा. पुढे हाच विनोद मी अँबॅसेडरवर ऐकला, मग प्रीमियर पद्मिनीवर, आणि एकदा तर एका मित्राच्या लूनावर. वाजण्यासारखे मुळात पाच-सहाच भाग असलेल्या त्या बिचारीवर. प्रत्येक सांगणाऱ्याला वाटायचं, आपण नेमक्या त्या गाडीबद्दल काही मार्मिक बोललो. गाडी बदलली तरी विनोद तोच राहतो, म्हणजे तो गाडीबद्दल नसावा, हे कुणाच्या मनात येत नसे.

माझ्या मनात ते आलं ब्रिटनमधले स्कोडावरचे विनोद वाचताना. १९७० आणि ८०च्या दशकात तिथे हा एक स्वतंत्र उद्योगच होता. स्कोडाची किंमत दुप्पट कशी करायची? टाकी फुल करायची. मागच्या काचेला हीटर कशासाठी? ढकलताना हात गारठू नयेत म्हणून. वरचं छप्पर उघडणाऱ्या स्कोडाला काय म्हणायचं? कचराकुंडी. काचेचा विनोद तर रशियाच्या लाडावर आणि पूर्व जर्मनीच्या त्राबांतवरही जसाच्या तसा सांगितला जायचा. नाव बदलायचं आणि वापरायचा, आमच्या हॉर्नसारखाच. फरक एकच होता, आणि तो मोठा होता. आमचा विनोद डब्यात बसलेले लोक करायचे. ब्रिटनमधला विनोद करणाऱ्यांपैकी फार थोडे कधी त्या गाडीत बसले असतील.

आता जरा शेंद्र्याला येऊ. छत्रपती संभाजीनगरहून जालना रस्त्याला लागलं की ही औद्योगिक वसाहत येते. शहराचं नाव औरंगाबाद होतं तेव्हापासून, म्हणजे २००१ पासून, इथल्या कारखान्यात स्कोडाच्या गाड्या जुळवल्या जातात. आयटीआय करून बाहेर पडलेल्या पोरानं ‘स्कोडात चिकटलो’ असं सांगितलं की घरच्यांची मान ताठ होते. त्या पोराला टाकीचा विनोद सांगून पाहा. तो तुमच्या तोंडाकडे बघत राहील. इथे ही गाडी आली तीच डॉक्टरांची, बिल्डरांची आणि पुढाऱ्यांची म्हणून. लंडनमध्ये टिंगल, मराठवाड्यात मान, आणि जिथे ती जन्मली त्या चेकोस्लोव्हाकियात नाव नोंदवून वाट पाहण्याजोगी वस्तू. बिल्ला एकच, पंखवाल्या बाणाचा. भाव मात्र तीन गावांत तीन.

हे तीन भाव शेजारी ठेवले की एक गोष्ट दिसते. स्वस्त गाडीवरचं हसू हे मुळात ती घेणाऱ्याच्या हिशेबावरचं हसू असतं. ‘तुला एवढंच परवडलं का?’ हे माणसाला तोंडावर विचारणं असभ्य, म्हणून ते गाडीला विचारलं जातं. आणि अशा गाडीचं नाव जेव्हा सुधारतं, तेव्हा नुसतं यंत्र सुधारलेलं नसतं. घेणाऱ्याचा हिशेब बरोबर होता, असं कुणातरी वजनदार माणसानं कबूल केलेलं असतं. यंत्र आधी सुधारतं, कबुली फार नंतर येते, आणि मधली सगळी वर्षं ज्यांनी ती गाडी चालवली त्यांना काहीच मिळत नाही. स्कोडाची कथा ही मुख्यतः त्या मधल्या वर्षांची कथा आहे.

गंमत म्हणजे या कंपनीची सुरुवातच एका अपमानातून झाली. म्लादा बोलेस्लाव हे प्रागजवळचं एक गाव. तिथे व्हाक्लाव क्लेमेंट नावाचा पुस्तकविक्रेता राहायचा. त्याची सायकल जर्मन कंपनीची होती. ती बिघडली तेव्हा त्यानं कंपनीच्या शाखेला आपल्या भाषेत, म्हणजे चेकमध्ये पत्र लिहिलं. उत्तर आलं ते असं की आम्हाला समजेल अशा भाषेत लिहा. तेव्हा तो मुलूख ऑस्ट्रिया-हंगेरीच्या साम्राज्यात होता. राज्यकर्त्यांची भाषा जर्मन, आणि चेक ही घरात, बाजारात बोलायची. दुकानांच्या पाट्यांवरून झालेली भांडणं पाहिलेल्या मराठी वाचकाला यातली ठसठस समजावून सांगायला नको. क्लेमेंटनं व्हाक्लाव लॉरिन या कारागिराला जोडीला घेतलं आणि १८९५मध्ये दोघांनी स्वतःच सायकली बनवायला सुरुवात केली. सायकलीचं नाव ठेवलं ‘स्लाविया’. १८९९मध्ये मोटरसायकली आल्या, १९०५मध्ये मोटारी. १९२५मध्ये ही कंपनी प्लझेनच्या श्कोदा या बलाढ्य यंत्र आणि शस्त्र कारखान्यात विलीन झाली आणि गाड्यांवर ते नाव आलं. ते एमिल श्कोदा या उद्योजकाचं आडनाव. चेक भाषेत त्याच शब्दाचा अर्थ ‘नुकसान’ असाही होतो, किंवा आपण ‘अरेरे’ म्हणतो तसा. टिंगल करणाऱ्या इंग्रजांना हे ठाऊक नव्हतं, हे कंपनीचं नशीब.

म्हणजे ज्या नावावर ब्रिटन हसत होतं, ते मोटारींच्या जगातल्या अगदी जुन्या घराण्यांपैकी एक होतं. मग हसण्याजोगं काय घडलं?

इथे प्रामाणिक राहायला हवं. सगळा विनोद खोटा नव्हता. दुसऱ्या महायुद्धानंतर कारखाना सरकारी झाला. १९६४मध्ये तिथून आलेली १००० एमबी ही गाडी आपल्या काळाच्या बरोबरीनं होती. इंजिनाचा ब्लॉक ॲल्युमिनियमचा ओतीव होता, आणि लहान गाडीत ही साधी गोष्ट नव्हती. इंजिन मागे होतं. त्या काळी अनेकांचं मागेच असायचं. पण जग पुढे गेलं. १९७४मध्ये फोक्सवॅगननं गोल्फ आणली, इंजिन पुढे आणि ओढही पुढच्या चाकांना. हळूहळू सगळ्या लहान गाड्या त्या वाटेनं गेल्या. स्कोडाचं इंजिन मात्र १९८०चं दशक उलटत आलं तरी डिकीच्या जागीच बसून होतं. ओल्या रस्त्यावर वळण जोरात घेतलं की मागची चाकं आपला वेगळा विचार करू लागत. आतलं प्लास्टिक, दारांचे आवाज, गंजणारा पत्रा याबद्दलच्या तक्रारी काही हवेतून आल्या नव्हत्या.

पण यात दोष कुणाचा? म्लादा बोलेस्लावच्या इंजिनिअरांना पुढच्या चाकांना ओढ देणारी गाडी कळत नव्हती असं नाही. त्यांनी नमुने करून पाहिले होते. पूर्व जर्मनीबरोबर मिळून एक गाडी काढायचा मोठा प्रकल्पही आखला गेला आणि गुंडाळला गेला. नवी गाडी काढायची की नाही, हे कारखान्यात ठरतच नव्हतं. ते मंत्रालयात ठरायचं, आणि मंत्रालयाला नव्या साच्यांवर पैसा घालण्यापेक्षा पौंड आणि मार्क मिळवण्याची घाई होती. म्हणून जुनीच गाडी थोडी डागडुजी करून, पडेल भावात ब्रिटनला पाठवायची. तो भाव इतका कमी होता की विनोदाला आमंत्रणच होतं. परवान्यांच्या राज्यात अँबॅसेडर वर्षानुवर्षं त्याच अंगरख्यात का राहिली, हे ज्यांना ठाऊक आहे त्यांना हेही सहज कळेल. गिऱ्हाईक दारात रांगेत उभं असलं की कारखान्याला झोप लागते. आपल्याकडे बजाज चेतकसाठी नंबर लावून वर्षानुवर्षं थांबणारी माणसं होती, आणि मिळालेली स्कूटर त्याच दिवशी जास्त भावानं विकता यायची. चेकोस्लोव्हाकियातही गाडीसाठी रांग होती. त्या रांगेतल्या माणसाला कुणी सांगितलं असतं की तुझ्या स्वप्नावर लंडनमध्ये हसतात, तर त्यानं आधी विचारलं असतं, म्हणजे तिथे ती लगेच मिळते?

आता विनोदातला अन्याय पाहू. मागे इंजिन असलेली आणखी एक गाडी त्याच रस्त्यांवरून धावत होती, तिचं नाव पोर्श ९११. तिचीही शेपूट वळणावर घसरायची. तिथे त्याला म्हणत ‘हिला चालवायला मर्द लागतो’. पोर्शचं मागचं इंजिन हा पराक्रम आणि स्कोडाचं मागचं इंजिन हा फार्स. तिसरी गाडी फोक्सवॅगनची बीटल. तीही मागच्या इंजिनाची, खडखडणारी आणि स्वस्त, पण तिच्यावर लोकांनी जीव टाकला. दुसरीकडे स्कोडाचीच १३० आरएस १९७७च्या माँटे कार्लो रॅलीत आपल्या गटात पहिली आली. रॅलीवेड्यांना ते माहीत होतं. पबमध्ये बसून विनोद सांगणाऱ्यांना माहीत असण्याची गरज नव्हती. म्हणजे टिंगल दोषाची असती तर ती तिघींची व्हायला हवी होती. ती झाली एकीचीच, जिची किंमत कमी होती आणि जी पलीकडच्या छावणीतून आली होती. शीतयुद्धात लोखंडी पडद्यापलीकडच्या माणसावर हसायला परवानगी लागत नव्हती, आणि स्वस्त वस्तू वापरणाऱ्या शेजाऱ्यावर तर कधीच लागत नाही.

त्यातही वेळ लक्षात घेण्यासारखी आहे. स्कोडावरचा विनोद ऐन भरात होता तीच वर्षं ब्रिटनच्या स्वतःच्या मोटारउद्योगाच्या घसरणीची होती. ब्रिटिश लेलँडमधले संप, ढिसाळ जोडणी, सरकारी पैशावर तगवलेले कारखाने हे सगळं रोज वर्तमानपत्रात येत होतं. घरातलं छप्पर गळत असताना शेजारच्या झोपडीकडे बोट दाखवायला बरं वाटतं. हा उद्योग पुढे कुठे गेला? २००५मध्ये एमजी रोव्हर बुडाली आणि तिचं एमजी हे नाव चिनी कंपनीकडे गेलं. तोवर ब्रिटिश पोलीस स्कोडा ऑक्टेव्हियातून गस्त घालायला लागले होते. आपल्याकडे म्हण आहे, हसतील त्यांचे दात दिसतील. तिचा अर्थ आपण ‘हसू दे, आपल्याला काय’ एवढाच घेतो. पण दात दिसतात म्हणजे किडलेलेही दिसतात.

मग वारं फिरलं कसं? १९८७मध्ये फेव्होरिट आली. तिचा आकार इटलीच्या बर्तोनेनं दिला होता, इंजिन एकदाचं पुढे आलं होतं. ही गाडी कम्युनिस्ट राजवटीतच झाली, चेक इंजिनिअरांनी केली, हे विसरलं जातं. दोन वर्षांनी राजवट गेली. नव्या सरकारपुढे प्रश्न होता की कारखाना जगवायचा कसा. फ्रान्सची रेनो आणि जर्मनीची फोक्सवॅगन अशा दोघी मागणी घालायला आल्या. १९९१मध्ये फोक्सवॅगनला पसंती मिळाली. सुरुवातीला हिस्सा सुमारे ३० टक्के, २०००पर्यंत पूर्ण मालकी. १९९४ला फेलिशिया, १९९६ला ऑक्टेव्हिया. ऑक्टेव्हियाचा सांगाडा गोल्फचाच होता. म्हणजे १९९६नंतर ही गाडी वाईट आहे असं म्हणणाऱ्यानं गोल्फही वाईट आहे असं म्हणायला हवं होतं. तसं कुणी म्हटलं नाही. आणि विनोदही थांबला नाही.

ही मधली काही वर्षं मला या कथेतली सगळ्यात बोलकी वाटतात. गाडी बदलली होती, ज्यांनी ती घेतली ते खूश होते, चाचण्या घेणारे पत्रकार चांगलं लिहीत होते, आणि तरी शोरूममध्ये आलेला माणूस हात न लावता परत जात होता. कारण घरी गेल्यावर भाऊजी काय म्हणतील याचं उत्तर त्याच्याकडे नव्हतं. कुणाचा सल्ला मानायचा हे आपण ठरवलेलं असतं. कुणाचं हसू मानायचं, हे आपल्या हातात नसतं.

२०००मध्ये फाबिया ब्रिटनमध्ये आणताना कंपनीनं हा पेच ओळखला. एरवी कुठलीही कंपनी करते ते म्हणजे आपल्या मालाची स्तुती. स्कोडानं जाहिरातीत आपल्या बदनामीलाच समोर आणून बसवलं. एका जाहिरातीत पार्किंगचा रखवालदार गाडीच्या मालकापाशी ओशाळून येतो आणि सांगतो, साहेब, कुणा कार्ट्यानं तुमच्या इतक्या चांगल्या गाडीवर स्कोडाचा बिल्ला चिकटवलाय. शेवटी एवढंच: ही स्कोडाच आहे, खरंच. या एका कल्पनेत फार मोठं काम झालं. विनोद तसाच राहिला, फक्त त्याची दिशा बदलली. आता हसू येत होतं ते रखवालदाराचं, ज्याला अजून बातमी पोचलेली नव्हती. आणि कंपनी स्वतः त्या विनोदात येऊन बसली होती. बाहेरून मारलेला दगड आतून उचलून दाखवला की त्याचा दगडपणा जातो. आमच्या एसटीचा कंडक्टर सगळ्यांत मोठ्यानं का हसायचा, ते मला ही जाहिरात पाहून कळलं.

एक आक्षेप इथे येणारच, आणि तो वाजवी आहे. हे सगळं जर्मनांचं कौतुक नाही का? पैसा त्यांचा, सांगाडा त्यांचा, इंजिन त्यांचं. चेक लोकांनी फक्त पत्रा ठोकला. यात अर्धं खरं आहे. भांडवल आलं नसतं तर फेव्होरिट ही शेवटची झुळूक ठरली असती, आणि पूर्व युरोपातल्या किती मोटारनावांचं तसंच झालं. त्राबांत आणि वार्टबुर्ग आज वस्तुसंग्रहालयात आहेत. पण हाच पैसा, हेच सांगाडे फोक्सवॅगन समूहातल्या इतर नावांनाही मिळाले आणि सगळ्यांची अशी भरभराट झाली नाही. म्लादा बोलेस्लावमध्ये जवळपास शंभर वर्षांचं हाताचं कसब होतं. तिथल्या लोकांना गाडी आतून कशी ऐसपैस ठेवायची, डिकीत काय काय मावलं पाहिजे, दारात छत्री कुठे खोचायची, हे कळत होतं, कारण काटकसरीत जगलेल्या माणसाला जागेची किंमत कळते. २०१४मध्ये कंपनीनं पहिल्यांदा एका वर्षात दहा लाखांवर गाड्या विकल्या. एवढ्या गाड्या नुसत्या सासरच्या नावावर खपत नाहीत.

तरीही आक्षेपातला काटा उरतोच. आपल्याकडे म्हणतात, सोनारानंच कान टोचावे लागतात. चेक माणूस सांगत होता की आमची गाडी चांगली आहे, तेव्हा कुणी ऐकलं नाही. जर्मन माणसानं सांगितलं, लगेच ऐकलं. त्याच्या शंभर वर्षं आधी क्लेमेंटला जर्मन कंपनीनं सांगितलं होतं की आम्हाला समजेल अशा भाषेत लिही. जगाच्या बाजाराला समजेल अशी भाषा शेवटी पुन्हा जर्मनच निघाली. या यशाचा आनंद मानताना हा सल विसरू नये. आज स्कोडाच्या सगळ्यांत महागड्या, चामड्याच्या सीटवाल्या आवृत्तीला ‘लॉरिन अँड क्लेमेंट’ म्हणतात. त्या दोघांनी हे पाहिलं असतं तर हसले असते की नाही, मला सांगता येत नाही.

भारतात ही गाडी विनोदाशिवाय आली. २००१मध्ये मारुती ८०० दोन-सव्वादोन लाखांना मिळायची, तेव्हा ऑक्टेव्हिया दहा लाखांच्या घरात होती. तिचं दार लावल्यावर होणारा जाड आवाज हाच एक जाहिरातीचा मजकूर होता. डिझेलवर पळणारी मोठी गाडी, हायवेवर पिकअप असा की अँबॅसेडरमधून उतरलेल्या माणसाला आपण विमानात बसलो असं वाटावं. इथल्या गिऱ्हाइकाला शीतयुद्धाशी देणंघेणं नव्हतं. त्याला ती युरोपियन म्हणून माहीत झाली, आणि आपल्याकडे युरोप म्हणजे एकच सलग गोरा प्रदेश. त्यात पूर्व-पश्चिम असं काही नसतं. पहिली भेट ज्या भावात होते तो भाव माणूस बराच काळ धरून ठेवतो. ब्रिटनची पहिली भेट पडेल भावात झाली, आपली चढ्या भावात. गाडीतल्या फरकापेक्षा हा फरक जास्त बोलला.

पण चढ्या भावाचीही एक बदनामी असते. सुटे भाग बाहेरून यायचे, साधा आरसा तुटला तरी बिल पाहून घाम फुटायचा, आणि गाडी घेणं सोपं पण ठेवणं म्हणजे हत्ती पोसणं, असं गॅरेजवाले सांगू लागले. सेकंडहँड बाजारात ‘गाडी राजा आहे, पण मेंटेनन्स काढेल’ हे वाक्य या नावाला चिकटलं. ब्रिटनमध्ये गाडी वाईट नव्हती तेव्हाही हसले, इथे गाडी चांगली असतानाही घाबरले. या भीतीला मात्र पावतीचा आधार होता, म्हणून ती जाहिरातीनं जाणार नव्हती. इथली नवी पिढी, म्हणजे २०२१ची कुशाक आणि २०२२ची स्लाविया, भारतातच बहुतांश भाग बनवून उभी राहिली. अपघाताच्या चाचणीत कुशाकला पाच तारे मिळाले. २०२४च्या अखेरीस आठ लाखांच्या आत सुरू होणारी कायलाक आली. म्हणजे वरून आलेलं नाव खाली उतरतंय आणि खालून गेलेलं नाव तिकडे वर चढलंय. स्लाविया हे नाव कुठून आलं ते आठवत असेल. क्लेमेंटच्या त्या पहिल्या सायकलीचं. पत्राच्या अपमानातून जन्मलेलं नाव आज पुणे-नाशिक रस्त्यावरच्या चाकणमध्ये पत्र्यावर उमटतं.

आता आपल्याच घरची गोष्ट, कारण स्कोडाचा इतिहास वाचताना ती सतत मध्ये येते. जानेवारी २००८मध्ये दिल्लीच्या प्रदर्शनात रतन टाटांनी नॅनो दाखवली. एक लाखाची गाडी. दोन सिलिंडर, ६२३ सीसी, आणि इंजिन, पाहा, मागेच. पावसात स्कूटरवर अख्खं कुटुंब चाललेलं पाहून ही कल्पना सुचली, हे टाटांनी सांगितलं होतं. हेतू सोन्यासारखा, आणि पिंपरीच्या इंजिनिअरांनी खर्चातला एकेक रुपया कापण्यासाठी जी अक्कल लावली तिचं जगभर कौतुक झालं. त्याच वर्षी टाटांनी जग्वार आणि लँड रोव्हर विकत घेतल्या. स्कोडावर हसणाऱ्या देशाची शान आणि जगातली सगळ्यांत स्वस्त गाडी, दोन्ही एका घरात.

नॅनो टिकली नाही. २०१८च्या सुमारास तिचं उत्पादन जवळपास थांबलं. बंगालमधल्या सिंगूरच्या जमिनीचा वाद, कारखाना गुजरातेत हलवण्यात गेलेला वेळ, काही गाड्यांना लागलेली आग, ही कारणं आहेतच. पण खरं कारण टाटांनीच पुढे बोलून दाखवलं: ‘सगळ्यांत स्वस्त’ म्हणून ती लोकांपुढे गेली, ही चूक झाली. आपल्याकडे चारचाकी चार लोकांना दिसण्यासाठीही घ्यायची असते. कपाळावर ‘देशातली सगळ्यांत स्वस्त’ असं गोंदलेली गाडी घेऊन सासुरवाडीला कोण जाईल? स्कूटरवरच्या त्या कुटुंबाला पाऊस लागत होता हे खरं, पण आपण भिजतोय हे जगाला कळावं अशी त्याची इच्छा नव्हती. त्यानं तेवढ्याच पैशांत सेकंडहँड अल्टो घेतली. त्या अल्टोला किंमत विचारता येत नव्हती, आणि तेवढी अब्रू त्याला पुरेशी होती. स्कोडाला वाट पाहायला शंभर वर्षांचं नाव आणि धीराचा, पैसेवाला मालक होता. नॅनोचा जन्म आणि तिच्यावरचा विनोद एकाच दिवशी झाला. बाळाला तोंड धुवायलाही उसंत मिळाली नाही.

आणि ब्रिटनमध्ये स्कोडानं रिकामी केलेली ती टिंगलीची खुर्ची? ती फार वेळ रिकामी राहिली नाही. तिथे रुमानियाची दाचिया येऊन बसली. १९९९मध्ये रेनोनं ती घेतली, २००४मध्ये पाच हजार युरोंच्या आसपासची लोगान आणली. पुन्हा पूर्व युरोप, पुन्हा स्वस्त, पुन्हा टीव्हीवर थट्टा. हीच लोगान २००७पासून नाशिकमध्ये महिंद्रा-रेनोच्या नावानं बनू लागली, आणि युरोपात दाचिया म्हणून विकली जाणारी डस्टर इथे २०१२मध्ये रेनोचा बिल्ला लावून आली तेव्हा तरुण पोरं तिच्यापुढे फोटो काढत होती. २०२४मध्ये दाचियाची सँडेरो ही अख्ख्या युरोपात सगळ्यांत जास्त विकली गेलेली गाडी ठरली. थट्टेला पुन्हा नवं गिऱ्हाईक शोधावं लागणार, आणि चिनी गाड्यांच्या रूपानं ते दारात उभंच आहे. एके काळी जपानी गाड्या, मग कोरियन, या सगळ्यांनी त्या खुर्चीवर आपापली पाळी भरली आहे. खुर्ची काढून टाकावी असं मात्र कुणाला वाटत नाही, कारण ती गेली तर ‘आपण निदान ते तरी नाही’ असं म्हणायची सोय जाईल.

कंपन्यांचं यश मोजायला ताळेबंद असतात. मला मोजावीशी वाटतात ती १९८५ साली ब्रिटनमध्ये स्कोडा घेणारी माणसं. तुटपुंजी पेन्शन, बेताचा पगार, आणि दुसऱ्याची जुनी गाडी घेण्यापेक्षा आपली नवी साधी गाडी घ्यावी असा हिशेब. गल्लीतली पोरं हसायची, ऑफिसात कुणीतरी हीटरचा विनोद सांगायचं, आणि ही माणसं रविवारी तीच गाडी धुऊन, पुसून समुद्रावर जायची. त्यांनी ती चालवत ठेवली म्हणून विक्रेते टिकले, म्हणून पुढे जर्मनांना ब्रिटनमध्ये विकायला दुकानं सापडली. ब्रँड मोठा झाला तेव्हा त्याच्या मानात त्यांचा वाटा कुणी धरला नाही. उलट किमती वाढल्या आणि पुढची स्कोडा त्यांच्याच आवाक्याबाहेर गेली.

त्यांचा मान करायचा तर एवढंच करता येईल. पुढच्या वेळी कुणाच्या गाडीवर हसू आलं, तर आपण आत बसून हसतोय की बाहेर उभं राहून, हे आधी पाहावं. आमचा लाल डबा खडखडायचा, वाजायचा, चढावर धापा टाकायचा, आणि गावापर्यंत पोचवायचा. त्याच्यावर हसायचा हक्क आम्हाला होता. तिकीट काढलेलं होतं.